पाहुणे १४, मिक्सर एक: मेजवानीचा मिल्कशेक

एका वाचकांचे पत्र:

"गेल्या सुट्टीत घरच्या मेजवानीसाठी मिल्कशेक करण्याचा घाट घातला होता. घरचे धरून १४ माणसे होती. ऐन वेळी धांदल नको म्हणून सगळा शेक तासभर आधीच मिक्सरवर करून फ्रिजमध्ये ठेवला. वाढायला घेतला तेव्हा वर बोटभर फेस आणि खाली पातळ गोड दूध असे दोन थर झालेले होते. घाबरून उरलेला अर्धा शेक फ्रीजरमध्ये ढकलला, तर त्याची वीट झाली. यंदा पुन्हा तेवढीच माणसे आहेत. त्यांत दोन लहान मुले आहेत आणि एका पाहुण्यांना दूध चालत नाही. मिक्सर एकच आहे. घट्टपणासाठी बर्फ घालावा का? मिश्रण आदल्या रात्री करून ठेवावे का? आणि सगळे बाहेर गप्पा मारत असताना मी स्वयंपाकघरात अडकून न पडता हे जमेल का?"

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचताना आपण केलेल्या कृतीत मला चूक सापडली नाही. चुकली ती फक्त वेळ. चांगला मिल्कशेक शून्याच्या खाली जेमतेम दोन-चार अंशांवर असतो. त्या तापमानाला त्यातले थोडे पाणी बारीक बर्फकणांच्या रूपात असते आणि उरलेले साखरेच्या पाकासारखे वाहते असते, म्हणून तो चमच्यावर टिकतो आणि नळीतूनही वर चढतो. आता आपल्या घरातील जागा पाहा. फ्रिजमध्ये साधारण ४ अंश सेल्सिअस असते आणि फ्रीजरमध्ये उणे १८. फ्रिजमध्ये बर्फकण वितळतात, त्यांनी धरून ठेवलेली हवा वर येऊन फेस होतो आणि दूध तळाला बसते; आपल्याला जे दोन थर दिसले ते हेच. फ्रीजरमध्ये उलटे घडते. आइस्क्रीम गोठताना सतत घुसळले जाते, त्यामुळे त्यातील बर्फकण बारीक राहतात, पण स्थिर ठेवलेला शेक गोठताना कोणीही ढवळत नाही, शिवाय दूध मिसळल्याने त्यातील साखरेचे प्रमाणही आइस्क्रीमपेक्षा उतरलेले असते. तो दगड झाला नाही तरच नवल. थोडक्यात, तयार शेक ठेवण्याजोगा कप्पा कोणाच्याच घरात नसतो. म्हणून आदल्या रात्रीचा बेत सोडून द्यावा आणि शेक सोडून बाकी सर्व काही आधी करून ठेवावे.

आदल्या दिवशी करण्याचे मुख्य काम म्हणजे चॉकलेटचे सिरप. ५० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ कोरडेच एकत्र करून घ्यावे, मग त्यात १८० मिलीलिटर पाणी थोडे थोडे घालत गुठळ्या मोडाव्यात आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे उकळावे. चव आवडत असल्यास दालचिनीचा बोटभर तुकडा त्यातच टाकावा आणि गार झाल्यावर काढून घ्यावा. दालचिनीची पूड थेट शेकमध्ये घालण्याचा मोह टाळावा, कारण ती विरघळत नाही. ओली होऊन फुगते आणि शेवटच्या घोटात जिभेला चिकटते. कोकोचेही तेच आहे: थंड दुधात तो भिजतच नाही, पृष्ठभागावर तरंगत राहतो. चॉकलेटची वडी वितळवून ओतावी असे काही जण सुचवतात, परंतु कोकोतील लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि बर्फगार दुधाला लागताच पुन्हा घट्ट होते, त्यामुळे शेकभर मेणासारखे कण लागतात. उकळून केलेल्या सिरपाला यांपैकी कोणताच दोष नाही आणि ते फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते.

सिरप चाखून पाहाल तेव्हा ते जरा जास्तच गोड वाटेल. वाटू द्यावे. थंडीने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती मंदावते. वितळलेले आइस्क्रीम गोठलेल्या आइस्क्रीमपेक्षा गोड लागते ते याच कारणाने. साखर कमी करायची असेल तर ती शेक तयार झाल्यावर चाखून ठरवावी, सिरप कोमट असताना नव्हे. गरम सिरप झाकण लावलेल्या भांड्यात कधीही फिरवू नये. मी एकदा घाईत ते केले, वाफेने झाकण उडाले आणि ओट्यावरच्या फरश्यांच्या फटींतून कोको काढायला मला जुना दातांचा ब्रश घेऊन बसावे लागले.

आता बर्फाचा प्रश्न. बर्फ घालू नये. बर्फाचा खडा म्हणजे पाणीच, आणि मिक्सरमध्ये त्याचे तुकडे झाले की ते पाच मिनिटांत शेकमध्ये उतरते. आपण चव पातळ करण्याची व्यवस्था स्वतःच्या हाताने करतो. शेक अधिक घट्ट हवा असेल तर दूधच बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे दोन-तीन खडे घालावेत, किंवा प्रत्येक खेपेला मोठा चमचाभर दूध पावडर घालावी. पण खरे सांगायचे तर प्रमाण जमले असेल तर यांची गरज पडत नाही.

प्रमाण असे. आकारमानाने तीन भाग आइस्क्रीम आणि एक भाग दूध. एका खेपेला अर्धा लिटर व्हॅनिला आइस्क्रीम आणि १६० मिलीलिटर सायीचे दूध घ्यावे. सिरप घालणार असाल तर त्याचे चार मोठे चमचे आणि दूध १२० मिलीलिटरवर आणावे. यातून १५० मिलीलिटरचे सुमारे साडेतीन ग्लास भरतात. मेजवानीत जेवणानंतर १५० मिलीलिटर पुरेसे होते. याहून मोठा ग्लास पाहायला छान दिसतो आणि अर्धा तसाच राहतो. म्हणजे १४ माणसांना चार खेपा, २ लिटर आइस्क्रीम आणि साधारण अर्धा ते पाऊण लिटर दूध लागेल. अर्धा लिटर आइस्क्रीममध्ये वर दूध घालूनही शेक जेमतेम अर्धा लिटरच कसा, असे कोणाला वाटेल, तर त्याचे कारण हवा आहे. आइस्क्रीमच्या डब्यात बरीचशी हवा असते, ती मिक्सरमध्ये निघून जाते आणि दूध त्या जागी बसते. म्हणून विकत घेताना डब्यावरचे लिटर न पाहता ग्रॅम पाहावेत. एक लिटरचे दोन डबे शेजारी ठेवले तर जो जड, त्यात हवा कमी, आणि शेकसाठी तोच घ्यावा. डब्यावर आइस्क्रीमऐवजी फ्रोझन डेझर्ट लिहिलेले असेल तर त्यातील स्निग्धांश बहुधा वनस्पती तेलाचा असतो. शेक होतो, पण तोंडात त्याचा तुपकट थर राहतो. हे माझे मत आहे, मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

मिक्सरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळी कसोटी तेथेच आहे. तळाशी पाते असलेल्या मिक्सरचा पूर्वज मुळात याच कामासाठी जन्मला होता. अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की यांनी १९२२ मध्ये तळाशी फिरते पाते असलेल्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते सोडा फाउंटनवर, म्हणजे सोडा आणि थंड पेये विकणाऱ्या दुकानांत, माल्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याची पूड) घातलेले दुधाचे पेय करण्यासाठी. त्या दुकानांतही शेक समोर गिऱ्हाईक उभे असतानाच, एकेका ग्लासाचा होत असे आणि ग्लासात न मावलेला भाग, ज्यात शेक घुसळला त्याच धातूच्या पेल्यातून गिऱ्हाइकासमोर ठेवला जाई. आधी करून ठेवण्याची सोय तेव्हाही कोणाला सापडली नव्हती.

भांडे तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवावे. आइस्क्रीम मात्र फ्रीजरमधून काढून पाच-सात मिनिटे बाहेर ठेवावे, चमचा थोडा जोर लावून आत शिरेल इतपत. येथे पुष्कळजण फसतात. दगडासारखे आइस्क्रीम घेतले की पाते अडते, मग आपण वरून दूध ओततो, मग अधिक वेळ फिरवतो, पात्याच्या घर्षणाने मिश्रण तापते आणि अखेर पातळ शेक हाती येतो. दोष मात्र आइस्क्रीमला दिला जातो.

भांड्यात आधी दूध, मग सिरप आणि सर्वांत शेवटी आइस्क्रीम घालावे. भांडे दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. सर्वांत कमी वेगावर थांबत थांबत फिरवावे आणि कानाने लक्ष ठेवावे. सुरुवातीला गोळे कडेवर आपटून खडखड होते. मग अचानक आवाज बारीक आणि पोकळ होतो, मोटर मोकळी पळते; याचा अर्थ पात्याभोवती हवेचा खळगा झाला आहे आणि वरचा गोळा खाली उतरत नाही. अशा वेळी वेग वाढवू नये, दूधही ओतू नये. मिक्सर बंद करून, भांडे उतरवून, लांब चमच्याने कडेचे मिश्रण आत ढकलावे आणि पुन्हा सुरू करावे. आता आवाज खोल आणि एकसारखा येईल. झाकणातून पाहिल्यास मधोमध लहानसा भोवरा दिसेल आणि कडेचे मिश्रण जाड साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालत त्यात उतरताना दिसेल. तो भोवरा दिसल्यावर पाच आकडे मोजून बंद करावे. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत व्हायला हवे. चमचा बुडवून उचलल्यावर थेंब न पडता जाड धार तुटत तुटत पडली आणि तिची खूण पृष्ठभागावर क्षणभर राहिली की शेक जमला. दोन-चार लहान गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. त्या ग्लासात पोहोचेपर्यंत शेकला थंड ठेवतात.

चवींविषयी माझा सल्ला कदाचित आपल्याला कंजूषपणाचा वाटेल. १४ जणांना पाच चवींतून निवड करायला लावू नये. गाभा एकच ठेवावा, व्हॅनिलाचा, आणि त्याच्या दोन खेपा साध्या, दोन चॉकलेटच्या कराव्यात; साध्या आधी, म्हणजे मधे भांडे धुवावे लागत नाही. सणासुदीची चव हवी असेल तर चॉकलेटच्या खेपेत पेपरमिंटच्या अर्काचे दोन-तीन थेंब घालावेत. थेंबच, चमचा नव्हे. पेपरमिंटमधील मेंथॉल थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते, त्यामुळे शेक आहे त्याहून गार भासतो, पण पाच-सहा थेंब जास्त झाले की तोच शेक टूथपेस्टच्या वाटेने जातो आणि मागे फिरत नाही. साध्या खेपेवर वाढताना जायफळ किसून घालावे. जायफळाचा वास किसताक्षणी असतो तसा पुन्हा कधी नसतो.

ताजी फळे घालण्याचा विचार असेल तर अननस, किवी आणि पपई दूर ठेवावीत. त्यांतील विकरे (एन्झाइम) दुधातील प्रथिने तोडतात आणि काही मिनिटांतच कडवट चव येऊ लागते. डबाबंद अननस मात्र चालतो, कारण डब्यात भरताना दिलेल्या उष्णतेने ते विकर निकामी झालेले असते. लिंबू-संत्र्याच्या आंबट रसाने दूध फाटते हे आपल्याला ठाऊक असेलच.

सजावटीचे मला फारसे कौतुक नाही. ग्लासावर केकचा तुकडा, त्यावर बिस्किट, त्यावर काडीला टोचलेले आणखी काही, असे मनोरे हल्ली सर्रास दिसतात, आणि ते रचेपर्यंत खालचा शेक वितळून गेलेला असतो. व्हिप्ड क्रीमचा एक गोळा आणि त्यावर सिरपाची बारीक धार एवढे पुष्कळ झाले. आपले क्रीम मागच्या वेळी ओघळले असेल तर त्याचीही कारणे तीनच असतात: स्निग्धांश कमी, भांडे कोमट किंवा ग्लास कोमट. क्रीममध्ये किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश असावा. २०० मिलीलिटर क्रीम, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि फ्रिजमध्ये गार केलेले भांडे घेऊन फेटले की जवळपास दुप्पट होते, आणि १४ ग्लासांना दोन-दोन चमचे पुरते. हे दोन-तीन तास आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येते. वाढण्यापूर्वी हाताने दोन फेटे द्यावेत. ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावेत, फक्त ते नुकतेच गरम पाण्याने धुतलेले नसावेत, नाहीतर तडकतील.

ग्लासाच्या कडेला सिरप लावून त्यावर कुटलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या चिकटवण्याची पद्धत दिसायला सुंदर आहे. मोठ्यांसाठी अवश्य करावी. आपल्या घरी येणारी मुले चार-पाच वर्षांच्या आतील असतील तर त्यांच्या ग्लासाला कडक गोळ्यांचे तुकडे किंवा अख्खे सुके मेवे लावू नयेत, ते घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी चॉकलेटचा कीस पुरेसा आहे, आणि तो स्वतःच्या हाताने भुरभुरायला दिला तर मुलांना इतर कशाचीही आठवण होत नाही.

ज्या पाहुण्यांना दूध चालत नाही त्यांना आजच फोन करून नेमके काय चालत नाही ते विचारावे, कारण या एका वाक्याखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसेल तर लॅक्टोजमुक्त दूध आणि तसेच आइस्क्रीम वापरून त्यांनाही हाच शेक देता येईल. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र लॅक्टोजमुक्त दूधही चालणार नाही. अशा वेळी आदल्या रात्री दोन पिकलेली केळी सोलून, चकत्या करून गोठवावीत आणि त्या १२० ते १५० मिलीलिटर ओटच्या किंवा नारळाच्या दुधात फिरवाव्यात. गोठलेल्या केळ्याला स्वतःचाच दाटपणा असतो, त्यामुळे हा ग्लास आइस्क्रीमच्या शेकपेक्षा थोडा अधिक वेळ तग धरतो. म्हणून तो सर्वांत आधी, स्वच्छ धुतलेल्या भांड्यात आणि वेगळ्या चमच्याने करावा, आणि त्यावर नेहमीचे क्रीम चुकूनही पडू देऊ नये. आपल्या घरच्या सिरपात कोको, साखर आणि पाणीच आहे, त्यामुळे ते त्यांनाही देता येईल. फक्त कोकोच्या पाकिटावरील ॲलर्जीची सूचना वाचून घ्यावी. माल्ट पावडर घालणार असाल तर ती बार्लीची असते आणि तिच्यात ग्लुटेन असते, हेही कोणाला सांगावे लागू शकते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, अडकून पडण्याचा. १५ मिनिटे उभे राहावे लागेल, त्यातून सुटका नाही. पण ती १५ मिनिटे स्वयंपाकघरातच घालवावीत असे कोठे आहे? मिक्सर बाहेर आणावा. विजेच्या जोडणीजवळ एक टेबल मांडून त्यावर मिक्सर, सिरप, क्रीमचे भांडे आणि ट्रेमध्ये गार ग्लास ठेवावेत. आइस्क्रीमचे डबे मात्र एकेक करून खेपेपुरते फ्रीजरमधून आणावेत. चार वेळा अर्धा-अर्धा मिनिट आवाज होईल आणि गप्पा थांबतील, एवढाच त्रास. पाहुण्यांपैकी एकाला क्रीम आणि जायफळाचे काम द्यावे. रिकामे बसलेले पाहुणे अशा कामाला नाही म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट आधीच जाहीर करावी, की ज्याच्या हाती ग्लास येईल त्याने लगेच सुरुवात करायची. "सगळ्यांचे येऊ द्या, मग घेऊ" हा शिष्टाचार जेवणाच्या पंगतीला शोभतो, मिल्कशेकला नाही. शेवटचा ग्लास भरेपर्यंत पहिला पातळ झालेला असतो. पहिली खेप मुलांना द्यावी, तीच थांबायला सर्वांत कमी तयार असतात. नळ्या जाड घ्याव्यात आणि सोबत लांब दांड्याचे चमचे ठेवावेत. कोणी घाईने ओढून कपाळ धरले तर घाबरू नये, टाळूला अचानक थंडी लागल्याने ती कळ येते आणि जीभ टाळूला टेकवून धरली की थोड्या वेळात उतरते.

मिक्सरच्या भांड्यात शेक उरलाच तर तो पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी शेक म्हणून वाढण्याचा प्रयत्न करू नये. कोणाच्या ग्लासातला उष्टा शेक नव्हे, भांड्यातला स्वच्छ शेक तेवढ्यातच कुल्फीच्या साच्यांत ओतून, काड्या खोचून फ्रीजरमध्ये ठेवावा. गेल्या वर्षी झालेली वीट या वेळी आपल्यालाच हवी असेल.